खप, कल आणि कानोसा

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पुण्यात एका जाहिरात संस्थेत ती ब्रँड प्लॅनिंगचं काम करते. म्हणाली, "मामा, शनिवारी सांगलीजवळच्या एका गावात बचत गटातल्या बायकांशी बोलायचंय. त्या कांदा-लसूण मसाला करतात, आता तो बाहेरगावी विकायचा म्हणतायत. माझ्या स्लाइड सगळ्या इंग्रजीत आहेत. कन्झ्युमर ट्रेंड रिसर्चला मराठीत काय म्हणू, सांग."

मी म्हटलं, "ग्राहक-कल संशोधन."

ती जरा वेळ गप्प राहिली. "हे परिपत्रकातलं वाटतं रे. त्या मावश्या काय म्हणत असतील, ते सांग ना."

प्रश्न नेमका होता, आणि मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मोल्सवर्थ उघडला. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चाळता येतात. भाचीची जशी ऑनलाइन साधनं, तशी ही माझी. शास्त्र्यांना हाताशी धरून मोल्सवर्थने हे शब्द गोळा केले. लोक खरोखर काय बोलतात, ते टिपत जाण्याचंच ते काम होतं.

सुरुवात 'ब्रँड'पासून केली. हा शब्द आगीतून आला आहे. जुन्या इंग्रजीत ब्रँड म्हणजे जळतं लाकूड, कोलीत. पुढे तापल्या लोखंडाने गुराच्या अंगावर उठवलेली खूण, मग पिंपांवर आणि खोक्यांवर जाळून उमटवलेली खूण, आणि एकोणिसाव्या शतकात त्या खुणेने ओळखला जाणारा माल. मराठीत त्याच वाटेवर भेटतो तो डाग. डागणे म्हणजे तापल्या सळईने चटका देणे. फारसी दागही भाजल्याचीच खूण. अकबराच्या घोडदळात चांगलं घोडं बदलून मरतुकडं उभं करू नये म्हणून घोड्यांवर सरकारी खूण उठवत, त्या पद्धतीचं नावच दाग. पण मराठीत डागाला दोन जन्म मिळाले. कपड्यावर पडला तर तो कलंक, आणि अंगावर असला तर सोनं. "लेकीच्या लग्नात दोन डाग मोडले" असं आई सांगते तेव्हा ती दागिन्याबद्दल बोलत असते. नावाचंही तसंच होतं. नावाला सोन्याचं मोल येतं, नाहीतर बट्टा लागतो. हा बट्टाही बाजारातलाच. नाणं बदलून घेताना सराफ जी कसर कापून घ्यायचा, ती बट्टा.

गुरांवरच्या खुणांवरून पाणिनी आठवला. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात 'कर्ण' शब्दाआधी खुणेचं नाव आलं तर त्याचा शेवटचा स्वर दीर्घ होतो, असं एक सूत्र आहे. ज्याच्या कानावर दात्राची, म्हणजे विळ्याची खूण, तो पशू दात्राकर्ण. काही खुणांना मात्र हा नियम लागत नाही, आणि त्या खुणांची यादीच पाणिनीने सूत्रात देऊन टाकली आहे: आठ, पाच, मणी, फाटका कान, कापलेला कान, भोक, यज्ञातली पळी, स्वस्तिक वगैरे. गाय कुणाची हे कानावरून कळे. व्याकरणाच्या पुस्तकात बोधचिन्हांची एवढी जुनी यादी सापडावी याचा मला आजही हर्ष होतो. ज्याला व्याकरण शिकवायचं त्या विद्यार्थ्याला या खुणा गोठ्यातून पाठ असणार, म्हणूनच पाणिनीला त्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

बाजारात मात्र डागापेक्षा 'छाप' जास्त रुजला. घोडा छाप, उंट छाप, अमुक छाप विडी. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला चित्र पुरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवादिकांची रंगीत चित्रं चिकटवलेली असत, ती याचसाठी. पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातूनही मालावरची अशी चित्रं छापून निघाली. छाप शब्द मला आवडतो तो त्याच्या क्रियापदामुळे. "त्याची छाप पडली" असं आपण म्हणतो. छाप मारणारा मारत असेल, पण ती पडते की नाही हे समोरच्याच्या मनावर असतं.

इथून पुढे मी 'कन्झ्युमर'कडे वळलो आणि रात्र तिथेच सरली.

कन्झ्यूम या क्रियेचं लॅटिन मूळ म्हणजे सगळंच्या सगळं घेऊन संपवून टाकणं. इंग्रजीत कन्झम्प्शन हे क्षयरोगाचंही जुनं नाव, कारण तो रोग माणसाला आतून खाऊन संपवतो. आता आपला 'खप' पाहा. कन्झम्प्शनला आपण खप म्हणतो, आणि खपणे या क्रियेचं नातं कोशकार संस्कृत 'क्षप्'शी, म्हणजे 'क्षि' या झिजण्याच्या धातूच्या कुळाशी लावतात. क्षय त्याच घरातला. दोन दूरच्या भाषांनी विक्रीसाठी शब्द निवडताना झिजून संपण्याचीच कल्पना धरावी, हे विलक्षण आहे.

पण मराठीने खपण्याला जेवढे अर्थ दिले, तेवढे मला दुसऱ्या कुठल्या बाजारी शब्दाचे माहीत नाहीत. माल खपतो, म्हणजे विकला जातो. लढाईत माणसं खपतात, म्हणजे मरतात. आई संसारासाठी खपते, म्हणजे हाडाची काडं करते. आणि "हे इथे खपणार नाही" म्हणजे कुणी चालवून घेणार नाही. संपणं, मरणं, राबणं आणि सहन होणं असे चार अर्थ एका क्रियापदात आले. 'प्रॉडक्टचं कन्झम्प्शन' म्हटलं की यातलं काही हलत नाही. बचत गटातल्या बाईपुढे "तुमच्या मसाल्याचा खप" म्हटलं, की तिला त्यात आपलं खपणंही ऐकू येतं. कांदा चिरून, वाळवून, मिरच्या निवडून, भाजून, कुटून झालेला तो माल आहे. तिने खपून केला, आता तो खपायला हवा.

आणि खरेदी करणारा? हिंदीने त्याला उपभोक्ता म्हटलं, मराठीने ग्राहक. मराठीची निवड मला सरस वाटते. ग्रह् म्हणजे घेणे, धरणे. सूर्याला धरणारं ग्रहण, मनाने धरलेला आग्रह, लग्नातलं पाणिग्रहण, सगळी एकाच धातूची लेकरं. उपभोक्ता भोगतो, कन्झ्युमर संपवतो, पण ग्राहक घेतो, आणि ज्याला घेता येतं त्याला नाकारताही येतं. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्या सगळ्या चळवळीत मराठी माणसाने 'ग्राहक' हाच शब्द वापरला. त्याला तोलाचा एक मान त्यातून मिळाला. त्याचं घरगुती रूप गिऱ्हाईक. त्याला मात्र वेगळीच कळा आली: "सगळ्यांनी मिळून त्याचं गिऱ्हाईक केलं" म्हणजे त्याला खिजवलं. ग्राहक आणि गिऱ्हाईक एकाच आईचे, पण एकाला हक्क मिळाला आणि एकाची टर उडाली. दुकानदाराच्या मनात समोरचा माणूस यांपैकी कोण असतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

भाचीच्या स्लाइडवर 'टार्गेट'ही होतं. टार्गेट मुळात छोटी ढाल. स्लोगन गेलिक भाषेतली रणगर्जना. स्ट्रॅटेजी ग्रीक सेनापतीची विद्या. कॅम्पेन म्हणजे मैदानातली लढाई. हे सगळे शब्द विकणाऱ्याच्या छावणीत उभे राहून बोलतात. आपल्या आडतीतला आणि आठवडी बाजारातला माणूस बोलतो तेव्हा वाक्याचा कर्ता बहुधा मालच असतो. माल चालतो. माल उठतो, "यंदा हळदीला उठाव आहे." माल पडून राहतो. माल अंगावर येतो. जणू ते जित्राबच, आणि आपण फक्त त्याच्या मागे काठी घेऊन आहोत. सकाळी पहिली विक्री झाली की भाजीवाली नोट कपाळाला लावते आणि म्हणते, भवानी झाली. हिंदीतली बोहनी मराठीत येऊन भवानी झाली, विक्रीच्या तोंडी देवीचं नाव आलं. पहिलं गिऱ्हाईक देवीच्या पावलाने येतं, असा तो भाव आहे.

आता 'ट्रेंड'. जुन्या इंग्रजीत या क्रियेचा अर्थ गोल फिरणं, वळणं. पुढे किनारा कुठे वळतो, नदी कुठल्या अंगाला जाते, हे सांगायला तो वापरला जाऊ लागला, आणि माणसांच्या आवडीपर्यंत बराच उशिरा पोचला. आपला 'कल' तंतोतंत तसाच आहे. झाड कलतं, दुपार कलते, मतमोजणीचे कल येतात, पोराचा कल चित्रकलेकडे असतो. म्हणजे 'ग्राहक-कल' चुकीचं नव्हतं, फक्त एकटं होतं. कारण मराठी या एका कल्पनेच्या कितीतरी पायऱ्या करते. कुणीतरी मुद्दाम काढली ती टूम. डोक्यात शिरलं ते खूळ. सगळ्यांना एकदम कवेत घेते ती लाट. बाजारात जिचं फावतं ती चलती. टिकून राहिली की ती रीत. ट्रेंडचा अभ्यास करणाऱ्याला नेमकं हेच तर ओळखायचं असतं: समोर दिसतंय ते खूळ आहे की उद्याची रीत?

यात माझा लाडका शब्द 'पेव'. "गावोगाव कॅफेंचं पेव फुटलंय" असं आपण सर्रास लिहितो, पण पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या त्या पोकळीत हळद वर्षानुवर्षं राहत असे. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी निकामी झाली. पेव फुटतं तेव्हा आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. म्हणजे जे अचानक आलंसं वाटतं, ते आधी कुठेतरी साठत होतं, हे या वाक्प्रचाराला ठाऊक आहे.

भाचीच्या साधनांपैकी सगळ्यात हाताशी असलेलं गूगल ट्रेंड्स. 2006 पासून ते सगळ्यांना खुलं आहे आणि त्यातली माहिती 2004 पासूनची. एखादा शब्द लोक कुठे, कधी, किती शोधतात याची रेघ ते काढून देतं. पण 'किती' हा आकडा ते सांगत नाही. त्या काळात, त्या प्रदेशात जिथे एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा सर्वाधिक तो बिंदू 100 धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. मला जनावरांच्या बाजारातला रुमालाखालचा सौदा आठवला. दोघे दलाल चारचौघांत उभे, हात रुमालाखाली, बोटांवर भाव ठरतोय. सौदा सगळ्यांना दिसतो, आकडा झाकलेला. पाहणाऱ्याने चेहऱ्यावरून काय ते ताडायचं. ही रेघसुद्धा तशीच ताडायची असते. शोध फार थोडे असतील तर ती शून्यावरच पडून राहते. म्हणून कुणी शोधतच नाही असं समजायचं कारण नाही.

शनिवारी मीही भाचीबरोबर गेलो. समाजमंदिरात सतरंजीवर पंधरा-वीस जणी, भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन. तिने सगळ्यांसमोर गूगल ट्रेंड्समध्ये पहिलाच शब्द टाकायला घेतला, तर एक मावशी म्हणाल्या, "पोरी, चटणी टाक की."

भाचीचा हात थांबला. पुण्यात वाढलेल्या तिच्या कानाला चटणी म्हणजे पानात डावीकडे वाढायची: खोबऱ्याची, शेंगदाण्याची, लसणाची. सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे वर्षाची करून ठेवायची ती, जिच्याशिवाय कालवण होत नाही. तिलाच बाहेरचं जग कांदा-लसूण मसाला म्हणतं. मूळ दोन्हींचं एकच, चाटणे. आता 'चटणी'ची रेघ वर गेली तर ती इडलीबरोबरच्या चटणीची, की या मावशींच्या? साधनाला काय कळणार? देवनागरीतली 'चटणी' आणि रोमन लिपीत टंकलेली 'चटणी' यांच्याही दोन वेगळ्या रेघा. 'शब्द' न निवडता 'विषय' निवडला तर अनेक भाषांतली नावं एकत्र येतात खरी, पण मग कोल्हापूरची चटणी आणि मद्रासची चटणी एकाच पोत्यात.

मसाल्यांच्या या घरात नावांची अदलाबदल जुनीच आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. इथे तिखटपणासाठी होती ती मिरी, संस्कृत मरिच. नव्या फळाला परकं नाव न देता लोकांनी त्याला मिरीचीच धाकटी बहीण केलं. ओळखीचं नाव मिळालं आणि परका माल चुलीपर्यंत पोचला. बटाटा त्याच गलबतांतून आला, त्याने आपलं नाव सोडलं नाही आणि तोही रुळला. कुठलं नाव लोकांच्या जिभेवर बसेल याचा नियम सापडत नाही, जिभेलाच विचारावं लागतं.

त्या विचारण्याला मराठीत चांगले शब्द आहेत. सर्वेक्षणापेक्षा जुना शब्द 'पाहणी'. शेतात जाऊन पीक डोळ्यांनी बघून नोंदायचं, ती पीकपाहणी. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी तीच ई-पीक पाहणी म्हणून स्वतःच्या फोनवर करू लागला. साधन नवं, शब्द तोच राहिला, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही. समाजमाध्यमांवर लोक काय बोलतात ते ऐकण्याला भाचीच्या धंद्यात सोशल लिसनिंग म्हणतात. आपण त्याला 'कानोसा' म्हणतो. कान नुसता उघडा ठेवायचा नाही, रोखायचा. येणाऱ्याची पावलं दिसण्याआधी ऐकू येतात ती 'चाहूल'. ट्रेंड स्पॉटिंगला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. आणि भविष्याबद्दल बोलताना 'अंदाज'. हा फारसी शब्द फेकण्याच्या क्रियेतून आला, गोलंदाज आणि तीरंदाजातला तोच. अंदाज म्हणजे नेम धरून टाकलेला दगड. जुने व्यापारी मात्र 'आडाखे' बांधत. पाऊस अमुक नक्षत्रात पडला तर गुळाला भाव काय, याचं आयुष्यभराच्या अनुभवातून बसलेलं गणित म्हणजे आडाखा. अंदाज एकदा टाकायचा, आडाखा पिढीकडून पिढीकडे जातो.

अशा आडाख्यांच्या विरोधात जाऊन माल चालवणाऱ्यांत किर्लोस्करांचं नाव घ्यायलाच हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता. तो समज ऐकून घेतल्याशिवाय नांगर विकला जाणं शक्य नव्हतं. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं पत्र म्हणून. त्यातूनच पुढे मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. नाव 'खबर' ठेवलं, 'जाहिरात' नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं. जाहिरात अरबी 'जाहीर'पासून आलेली, उघड झालेलं ते सगळं. हिंदी त्यालाच विज्ञापन म्हणते. आपल्याकडे पेशवाईतल्या पत्रांत 'विज्ञापना' म्हणजे मोठ्यांच्या चरणी केलेली विनंती. खबर मात्र दोन्ही बाजूंनी चालते, देताही येते आणि घेताही येते.

समाजमंदिरात भाचीने प्रोजेक्टर बंद केला होता. तिने फळ्यावर 'कानोसा' एवढाच शब्द लिहिला आणि विचारलं, "तुमची चटणी मागायला येतात ती माणसं काय म्हणून मागतात?"

मघाच्या मावशींनी पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. गेल्या दिवाळीपासूनचा हिशेब होता. पुढल्या कोऱ्या समासात, शिसपेन्सिलने, बारीक अक्षरात, माल नेणाऱ्याचे शब्द टिपून ठेवलेले. मिरजेच्या बाई: 'घरगुती तिखट'. पुण्याचे पाहुणे: 'कांदा-लसूण'. मुंबईला नोकरीला असलेला गावचाच पोरगा: 'आईच्या हातची'. इचलकरंजीची एक: 'कमी तिखट, लाल रंगाची'. एकाने नुसतं 'ते' म्हटलं होतं, तेही लिहिलेलं.

"हे का लिहिलंत?" भाचीने विचारलं.

"परत आली की तसंच म्हणून द्यायला," मावशी म्हणाल्या.

भाची तिथेच सतरंजीवर मांडी घालून बसली, वही गुडघ्यावर घेतली आणि समासातले शब्द वरून खाली एकेक करून फोनमध्ये टंकू लागली.